रंगूबाईच्या पोटातली पिशवी

रंगूबाईला एसटीत तिकीट लागतं की नाही, या प्रश्नानं मला नोकरीभर जेवढं छळलं तेवढं दुसऱ्या कशानं नाही. मेहकर गाडीचा एक कंडक्टर तर अर्धं तिकीट फाडल्याशिवाय घंटी मारायचा नाही. "सीट अडवली का नाई तिनं?" म्हणायचा. मी म्हणायची, "अडवली. पण ती ज्येष्ठ नागरिक आहे, सवलत द्या." तो तिच्या तोंडाकडे निरखून पाहायचा आणि म्हणायचा, "आधार कार्ड दाखवा."

रंगूबाई ही कापडाची बाहुली. उंचीनं सातवी-आठवीतल्या मुलीएवढी, अंगावर हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. संपादकांनी फोन करून सांगितलं की ताई, दिवाळीचा अंक आहे, बाहुल्यांच्या गमतीजमती लिहा. गमती पुष्कळ आहेत. पण रंगूबाईचं नाव काढलं की मला आधी एक दुपार आठवते आणि ती गमतीची नाही. चकलीसोबत हलकंफुलकं वाचायचं असेल त्यांनी खुशाल पान उलटावं. मला राग लवकर येतो, पण यावर येणार नाही.

मी कुंदा. बुलडाण्यातल्या एका छोट्या संस्थेत होते. गावोगाव जायचं, बायांना जमवायचं आणि बोलक्या बाहुलीच्या खेळातून त्यांना त्यांचंच शरीर समजावून सांगायचं, हे माझं काम. नवरा मास्तर. पाहुणे आले की "आमची ही अजून बाहुल्या खेळते" असं सांगायचा आणि स्वतःच हसायचा. पाहुणे हसले नाहीत तर मी हसायची, कारण बिचाऱ्याचा विनोद वाया जाऊ नये.

रंगूबाईला घडवलं देऊळघाटच्या शकीलाआपानं. आपा शिवणकाम करायची. नवरीच्या ब्लाउजपासून दुलईच्या खोळीपर्यंत काहीही शिवायची आणि शिवता शिवता सगळ्या गावाची बातमी ठेवायची. पुढे ती माझ्यासोबत खेळालाच यायला लागली. दौऱ्यावर रंगूबाईचं पोट दबलं की ज्या गावात असू तिथल्या एखाद्या घरून मूठभर कापूस मागून घ्यायची आणि तिथंच भरायची. "बाई की तबियत सांभाळावी लागते ना," म्हणायची.

बाहुलीच्या पाठीला चीर असते. तिच्यातून हात डोक्यापर्यंत घालायचा, अंगठा खालच्या जबड्यात, बोटं वरच्या. आवाज आपलाच, फक्त नाकातून काढलेला आणि ओठ शक्य तितके मिटलेले. लोकांना वाटतं सगळी करामत गळ्यात आहे. ती डोळ्यांत आहे. बाहुली बोलत असताना आपण तिच्याकडे पाहायचं, म्हणजे लोकही तिच्याकडेच पाहतात. थोड्या वेळानं त्यांना मी दिसतच नाही. माझ्यासारखी बॉबकट केलेली, चष्मा लावलेली बाई समोर बसली की बाया पदर सावरून गप्प होतात. रंगूशी मात्र घडाघडा बोलतात. शिवाय मी बोलते शाळेतली मराठी आणि रंगू बोलते घरची.

रंगूच्या पोटाला टिचबटणांचं झाकण होतं. खेळ रंगात आला की ती म्हणायची, "लय दुखून राह्यलं वं माय, पाह्य बरं आत काय हाय ते." मग समोरच्या एखादीनं उठून बटणं उघडायची. आत सगळा संसार. सगळ्यात मधे लाल मखमलीची गर्भपिशवी, दोन्ही बाजूंना नळ्या, टोकाला बीजकोष म्हणून दोन पांढरी बटणं. त्या पिशवीलाही एक झाकण आणि आत इटुकलं कापडी बाळ. खरी पिशवी मुठीएवढी असते, म्हणून आपानं पहिल्यांदा तेवढीच शिवली होती. पण जानेफळच्या खेळात मागे बसलेली एक आजी खेकसली, "काय दाखवून राह्यली वं, लसून का कांदा?" त्या दिवसापासून रंगूची पिशवी पपईएवढी झाली. मागच्या रांगेला दिसलं पाहिजे, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम.

पिशवी हातोहात फिरायची. मग रंगू विचारायची, "आता आपापली पिशवी कोठी हाय ते हात ठेवून दाखवा बरं." बाया लाजत, एकमेकींना ढोसत, छातीपासून मांडीपर्यंत कुठंही हात ठेवायच्या. एकीनं थेट डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "सासूनं इथंच चढवली." असं हसून झालं की मला शिकवायला सोपं जायचं. हसलेली बाई ऐकते, हे मला कुठल्या प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं.

आता ती दुपार.

बीबी गावच्या बाजारातून पुढं जीपनं जावं लागेल अशा एका गावात आम्ही गेलो होतो. नाव सांगत नाही. तो सगळा भाग बीजोत्पादनाचा. बीटी कपाशीचं बी कारखान्यात होतं असं शहरातल्या माणसाला वाटतं. ते बायांच्या चिमटीत होतं. संध्याकाळी मादी झाडाची कळी हेरून तिच्यातला नर नखानं खरवडून काढायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाचं उमललेलं फूल आणून तिच्यावर फिरवायचं. याला क्रॉसिंग म्हणतात. झाडामागून झाड, ओळीमागून ओळ, हंगाम संपेपर्यंत रोज. खाडा झाला की त्या दिवसाच्या कळ्या वाया जातात. अशा वावराला तिकडं पलाट म्हणतात. त्या वर्षांत घरच्या कपाशीनं बहुतेकांची निराशा केली होती. बियाणं महाग, फवारे महाग आणि एवढं करून अळी बोंडात बसलेलीच. त्यामुळे घरात मीठमिरची यायची ती पलाटावर जाणाऱ्या बाईच्या हातानं.

सकाळचं क्रॉसिंग आटोपून बाया समाजमंदिरात जमल्या. बोटं परागानं पिवळी झालेली. त्यांच्या टोळीची पुढारीण शारदा, तिशीच्या आतबाहेरची, खणखणीत आवाजाची. कुणी कुठल्या ओळीला लागायचं, कुणाला उद्या आणायचं, हे सगळं ती ठरवायची. पुरुषांना तिनंच हुसकलं. "जा बे, इथं तुमचं काई काम नाई," म्हणाली आणि दार लावून घेतलं. मला ती एकदम आवडली.

खेळ छान चालला होता. रंगूचं पोट उघडलं, पिशवी फिरली. पिशवीतलं बाळ निघालं तेव्हा एक तरुण मुलगी चमकून पुढं सरकली, एवढं माझ्या लक्षात राहिलं. मग रंगूनं नेहमीचा सवाल केला, "आपापली पिशवी कोठी हाय ते दाखवा."

कुणीच हात ठेवला नाही. कुणी हसलंही नाही.

शारदा म्हणाली, "रंगूबाई, आमच्यात नाई ते. काढली."

मला वाटलं ही लेकरं बंद करायच्या ऑपरेशनबद्दल बोलते आहे. बाया दोन्हींत गल्लत करतात. रंगूनं समजावलं, "ते नळी बांधतात, माय. पिशवी आतच राह्यते."

"नाई वं, ते पयलेच झालं होतं. मंग पिशवीच काढून टाकली." आणि तिनं मागं वळून विचारलं, "कोनाकोनाची काढली गं? हात करा वर."

हात वर झाले. एक झाला, मग दुसरा, मग सगळ्या समाजमंदिरात पिवळ्या बोटांचे हात. मी वयस्कर चेहरे शोधत होते. नव्हते. एकीच्या मांडीवर दुपट्यातलं पोर होतं, तिचाही हात वर. माझा हात रंगूच्या डोक्यात तसाच ताठ राहिला, त्यामुळे रंगूचं तोंड उघडं ते उघडंच. ते पाहून बायांना हसू फुटलं. "रंगूबाईचा जबडा अटकला!" म्हणत त्या खिदळायला लागल्या.

शकीलाआपानं मला कोपरानं ढोसलं. मग रंगूनं विचारलं, "काऊन काढली वं बायाहो? काय झालं होतं?"

त्यांनी जे सांगितलं ते इतकं सहज सांगितलं की ऐकताना आपलंच काही चुकतंय असं वाटावं. अंगावरून पांढरं जायचं, कंबर दुखायची, हे होतंच. पण खरं कारण पलाट. पाळी आलेली बाई पलाटात शिरली तर फूल गळतं, बी धरत नाही, असं मालक म्हणायचे. पानमळ्यात पूर्वीपासून विटाळ, बायांच्या तोंडी इटाय, पाळतात, तो आता बीटीच्या बियाण्यालाही लागू झाला होता. पाळी आली की घरी बसायचं, आणि बसलं की आपल्या ओळी दुसरीला जायच्या. परत आल्यावर त्या मिळतीलच असं नाही.

"दर मयन्याले घरी बसा, मंग हातापाया पडत फिरा," शारदा म्हणाली. "त्याच्यापेक्षा ते तालुक्याचे डॉक्टर म्हन्ले, पिशवीले सूज हाय, पुढं कॅन्सर होईन, काढून टाका. कटकट गेली. इटाय नाई, खाडा नाई."

"तुमचाही विश्वास आहे का, फूल गळतं यावर?" हे मी विचारलं, माझ्या आवाजात.

बाया माझ्याकडे वेड्यासारख्या बघायला लागल्या. "मंग? गळतेच ना."

कपाशीच्या कळीत नर-मादी जुळवून बी धरवण्यासाठी हातच पाहिजेत बाईचे, आणि त्या बाईची स्वतःची पिशवी मात्र वावराला चालत नाही! मी तोवर दारू पिऊन मारणारे नवरे ऐकले होते, मुलगी झाली म्हणून टाकलेल्या बायका पाहिल्या होत्या. पण इथं कुणी कुणाला मारलं नव्हतं, ओढत नेलं नव्हतं. किडका दात काढावा तशी एकीचं पाहून दुसरीनं पिशवी काढली होती. रागवावं तर कुणावर, हेच कळेना. मला न रागावता बसायची सवय नाही.

खेळ कसाबसा संपवला. बाया पांगल्या. आपा दारात बायांशी बोलत होती. मी रंगूला खुर्चीवर बसवून पाणी पीत होते. तेवढ्यात ती मघाशी चमकलेली मुलगी परत आली. मंगला तिचं नाव, शारदाची धाकटी जाऊ. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. रंगूपुढं उकिडवी बसली आणि हळूच म्हणाली, "रंगूबाई, एक इचारू?"

मी पाण्याचा गिलास ठेवला आणि हात पाठीत घातला.

"सोमवारी माही हाय."

"काय हाय, माय?"

"पिशवी काढ्याची. मालकानं पैशाची सोय करून ठेवली." मालक म्हणजे तिचा नवरा. "पन मले एकच पोरगी हाय. अजून एक लेकरू पाह्यजे." मग रंगूच्या उघड्या पोटाकडे बोट दाखवून म्हणाली, "तुह्या पोटात तर एकच पिशवी होती. लेकराची येगळी असते ना? इटायाची एक अन् लेकराची एक. डॉक्टर इटायाचीच काढतीन ना?"

या मुलीला कुणी खोटं सांगितलं नव्हतं. पिशवी काढतात एवढंच सगळ्यांनी सांगितलं होतं. जिनं महिन्याच्या महिन्याला दूर बसायचं, कशाला शिवायचं नाही, ते घाण रक्त जिथं साठतं त्याच जागी बाळ कसं वाढेल? तिनं आपल्या मनानं त्याची वेगळी जागा करून दिली होती. रंगूचं पोट उघडलं नसतं तर सोमवारी ती आनंदानं टेबलावर चढली असती.

रंगूनं सांगितलं, "एकच असते, माय. तीच लेकराची. ते काढली का लेकरू नाई होत."

मंगला रडली नाही. तिनं रंगूचा कापडी हात घट्ट धरला आणि नुसती "नाई, नाई" म्हणत राहिली.

शारदा तिला शोधत आली तेव्हा मी बाहुली बाजूला ठेवली आणि तोंड सोडलं. "हिला माहीतच नाही! लेकरू होणार नाही हे तुम्ही हिला सांगितलं नाही?"

"सांगतलं की. पिशवी काढतात म्हून सांगतलं."

"त्याचा अर्थ सांगितला का? ती दुखण्यावर गोळ्या घेऊ शकते. सरकारी दवाखान्यात दाखवू शकते. तुम्ही तिला घेऊन जाणार सोमवारी? तुमचं स्वतःचं काय झालं ते बघा!" मी खेळाच्या आधीच पाहिलं होतं, उठताना ती गुडघ्यावर हात टेकत होती आणि सगळ्यांना गार वाटत असताना पदरानं वारा घेत होती. अंगात आग होते, हाडं दुखतात, असं आपाला तिनं आपण होऊन सांगितलंही होतं. पिशवीसोबत बीजकोषही काढले की म्हातारपण असं अवेळी दारात येतं.

शारदानं मला शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, तुमी आता बाहुली घेऊन जासान बुलडान्याले. हिच्या ओळी दुसरीले गेल्या तं तुमची रंगूबाई येऊन राह्यली का क्रॉसिंग कराले?" आणि मंगलाच्या दंडाला धरून घेऊन गेली.

सामान आवरताना आपानं हाक मारली, "कुंदाताई, पिशवी कुठंय?"

रंगूच्या पोटात नळ्या होत्या, बाळ होतं, पिशवी नव्हती. सतरंजी झटकली, ट्रंक उपसली. आपा चिडली. "इतनी अच्छी मखमल होती! कोनत्या बाईनं नेली, तिले काय करायचं तिचं?" मला तेव्हा पिशवीचं काहीच वाटत नव्हतं. डोक्यात फक्त सोमवार होता.

सोमवारी आपा आणि मी पहिल्या गाडीनं तालुक्याला पोचलो. दवाखाना नवा, स्वच्छ, बाहेर तुळशीवृंदावन. बाकांवर बाया बसलेल्या, सोबत कुणाची सासू, कुणाचा नवरा, पायाशी डबे आणि पाण्याच्या बाटल्या. लग्नाला निघालेल्या वऱ्हाडाइतकी निवांत माणसं. मंगला त्यांच्यात दिसेना. कंपाउंडर आम्हाला आत सोडेना. आपण उशिरा आलो असं वाटून मी दारातच त्याच्याशी हुज्जत घालायला लागले.

तेवढ्यात डॉक्टरांच्या खोलीतून पडद्यापलीकडून खणखणीत आवाज आला. "हे कोठी असते ते तुमी दाखवा."

आपा आणि मी कंपाउंडरला न जुमानता पडदा सारला. खोलीत कोपऱ्यात मंगला उभी होती, दवाखान्याचा हिरवा झगा घातलेली. डॉक्टरांच्या टेबलावर, त्यांच्या पेनांच्या शेजारी, रंगूबाईची लाल मखमलीची पिशवी ठेवलेली होती. आणि समोर शारदा.

डॉक्टर साधारण पंचेचाळिशीचे, गोड बोलणारे. "हे काय आणलंत, बाई?" ते हसून म्हणाले.

"पिशवी हाय. हे लेकराची का इटायाची, ते या पोरीले तुमच्या तोंडानं सांगा."

"एकच असते ती."

"मंग हिले लेकरू होईन का, काढल्यावर?"

"कसं होईल? हे काय सांगायची गोष्ट आहे? सगळ्यांना माहीत असतं."

कोपऱ्यातून मंगला बोलली, "मले नव्हतं माईत." आवाज इतका लहान होता की डॉक्टरांनी "काय?" म्हणून पुन्हा विचारलं. ती पुन्हा म्हणाली, "मले नव्हतं माईत. मले लेकरू पाह्यजे."

डॉक्टरांनी पेन उचललं, खाली ठेवलं. "तुमच्या नवऱ्याची सही आहे," म्हणाले.

त्यावर शारदा जे बोलली ते मी जन्मभर विसरणार नाही. ती टेबलावर वाकली. "अन् डॉक्टरसाहेब, माह्यी कोठी हाय?"

"काय कुठं आहे?"

"माह्यी पिशवी. तुमीच काढली. काढल्यावर ताटलीत घालून माह्या मालकाले दाखवली. सासूले दाखवली. बाहीर बाकावर बसले होते त्याइनं पन पाह्यली. मी बेसुद होती. मले कोनी दाखवली नाई. मंग तिचं काय केलं तुमी?"

टेबलामागं उभी नर्स फिसकन हसली. डॉक्टरांनी तिच्याकडे रागानं पाहिलं. मग शारदाला म्हणाले, "बाई, ती काही घरी न्यायची वस्तू नसते. त्याची रीतसर विल्हेवाट लावतात. कचरा असतो तो."

पडद्याबाहेरच्या बाकांवरच्या बाया आत पाहत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

शारदानं मखमलीची पिशवी उचलली, झटकली आणि कमरेला खोचली. मंगलाला म्हणाली, "चाल. लुगडं नेस."

आम्ही चौघी बाहेर पडलो. मला वाटलं होतं की आता बाकांवरच्या बायाही उठतील. दोघी-तिघींनी शारदाच्या कमरेकडे पाहिलं, एक अर्धवट उठलीदेखील. तिच्या सासूनं तिला बसवलं. आम्ही फाटकापाशी पोचलो तेव्हा मागून कंपाउंडरनं पुढचं नाव पुकारल्याचं ऐकू आलं आणि एक बाई हातातली बाटली सोबतच्या पोरीकडे देऊन आत गेली. मी तिला थांबवायला परत वळले, तर कंपाउंडरनं दार लोटून घेतलं. त्या दाराचं मला आजही वाईट वाटतं.

मंगलाला आपानं त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर बाईंनी तपासलं. साधा संसर्ग निघाला. गोळ्या दिल्या, नवऱ्यालाही दिल्या, आणि त्यानं घ्याव्यात म्हणून आपानं त्याला असं काही झापलं की तो आपाला पाहिलं की अजून रस्ता बदलतो म्हणे. डॉक्टरांविरुद्ध आमच्या संस्थेनं तक्रार केली. चौकशी झाली, चहा झाला, पुढं काही झालं नाही.

हंगाम संपताना आम्ही त्या गावी पुन्हा गेलो. मला धास्ती होती की मंगलाच्या ओळी गेल्या असणार आणि घरात तिचे हाल चालले असणार. पलाटाच्या बांधावर टोळी भाकर खात बसली होती. मंगला होती त्यांच्यात, बोटं पिवळी. मी शारदाला बाजूला घेऊन विचारलं, पलाटाच्या मालकानं तिला कामावर घेतलं कसं?

शारदा पदरात तोंड लपवून हसली. "मी सांगतलं ना त्याले. हिचं बी झालं म्हून. ऑपरेशन."

"आणि पाळी?"

"येते की. पूरा हंगाम त्याच दिवसांत बी क्रॉसिंग करून राह्यली ती. कोनाले काई सांगतलं नाई." तिनं पलाटाकडे हात केला. सगळ्या ओळी बोंडांनी लगडलेल्या होत्या, मंगलाच्या आणि इतरांच्या, वेगळ्या ओळखू येत नव्हत्या. "मी रोज सकायी पाहे, ताई. आज गळन, उद्या गळन. एक फूल गळलं नाई."

हे सांगताना तिचं हसू कुठं गेलं ते मला कळलं नाही. ती बांधावर टेकली. आपानं विषय बदलायला म्हणून म्हटलं, "हमारी पिशवी तरी दे दो बाई, रंगूबाईचं पोट रिकामं हाय."

शारदानं कमरेची गाठ सोडून पिशवी काढली. मखमल मळली होती, कडेला पराग लागला होता. "चोरली नाई, आपा. पाह्याची होती," ती म्हणाली. पिशवी तिनं दिली मात्र नाही. तळहातावर घेऊन मला विचारलं, "खरी येवढीच असते का वं?"

"नाही. ही मागच्या रांगेला दिसावी म्हणून मोठी शिवलेली. खरी मुठीएवढी."

तिनं पिशवी मांडीवर ठेवली. उजव्या हाताची मूठ मिटली आणि डोळ्यांसमोर धरून ती तिच्याकडे पाहत राहिली, अशी उलटून, तशी उलटून.

"येवढीशी," ती म्हणाली. "अन् हिच्यानं अख्खा पलाट बाटत होता?"

आपानं पिशवी परत मागितली नाही. परतीची जीप रस्त्यावर हॉर्न देत होती, पण आमच्यापैकी कुणालाच उठवेना.